जुन्या फिटरपेटीला नवी कुलपे: हार्डवेअरचे दुकान, ऑनलाइन खरेदी आणि कपाटांचा कारखाना

मेकॅनिकची जुनी पत्र्याची पेटी विदर्भात अजूनही गावोगावी सापडते. वर उघडणारे झाकण, त्याखाली ओळीने ड्रॉवर आणि त्या ड्रॉवरांत गोटी पाने, टॅप-डाय, फीलर गेज, कानशी असे सामान, अशी तिची साधारण रचना असते. पेटी पन्नास वर्षे सहज टिकते, कुलूप मात्र तेवढे टिकत नाही. चावी हरवते, किंवा कुलपातच तुटते, किंवा कोणी तरी घाईच्या वेळी पेचकस घालून झाकण उचकटतो आणि कुलपाची जीभ कायमची वाकवून ठेवतो. अशा पेटीला योग्य मापाचे कुलूप आपल्या भागात कोठे मिळते, याचा शोध घेताना ज्या ठिकाणांशी माझा संबंध आला, त्यांच्याविषयी येथे लिहीत आहे. सर्वांत समाधानकारक काम कुलपांच्या दुकानात झाले नाही आणि ऑनलाइन खरेदीतही झाले नाही. ते यवतमाळला लोखंडी कपाटे तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात झाले, हे आधीच सांगून टाकतो.

माझी पेटी दारव्हा तालुक्यातील एका बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगच्या भांडारातून आलेली आहे. पत्रा १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिमी जाडीचा, रंग तपकिरी, बनवणाऱ्याची पाटी केव्हाच निखळलेली असून तिच्या जागी दोन रिव्हेटांची भोके तेवढी उरली आहेत. पेटीला कुलपे दोन आहेत. एक झाकणाला आणि दुसरे तळाच्या मोठ्या ड्रॉवरला. त्यांपैकी झाकणाच्या कुलपावर सगळी भिस्त असते, कारण झाकण बंद होताना ते पेटीच्या मागच्या बाजूची एक उभी पट्टी खाली दाबते आणि त्या पट्टीच्या खाचांमध्ये प्रत्येक ड्रॉवरचा आकडा अडकतो. एका कुलपाने वरचे सगळे ड्रॉवर बंद व्हावेत, अशी ही योजना आहे. मात्र त्यासाठी झाकण पूर्ण खाली बसावे लागते. कुलपाची जीभ दोन-तीन मिलिमीटर जरी सैल बसली, तरी झाकण तेवढे वर राहते, पट्टी पूर्ण उतरत नाही आणि चावी फिरवून खिशात टाकल्यानंतरही ड्रॉवर नुसता ओढला की उघडतो. कुलूप घ्यायला निघालेल्या माणसाने भोकाच्या मापाइतकेच लक्ष या सैलपणाकडे दिले पाहिजे. विकणाऱ्यांपैकी फार थोडे जण त्याविषयी विचारतात.

या पेट्यांना जे कुलूप असते त्याला बाजारात कॅम लॉक म्हणतात. पत्र्याच्या भोकातून आत जाणारी आटेदार बॉडी, तिच्यात फिरणारा गाभा, गाभ्यात चावीप्रमाणे वरखाली होणाऱ्या पितळी पत्त्या आणि गाभ्याच्या शेवटी स्क्रूने बसवलेली पोलादी जीभ, एवढाच त्याचा संसार असतो. चावी घातली की पत्त्या आत ओढल्या जातात, गाभा मोकळा होतो आणि त्याच्याबरोबर जीभ फिरते. कपाटाचा आतला लॉकर, टपालपेटी, कार्यालयातील फाइलींचे कपाट या सगळ्यांना हीच जात असते. नेहमीचे भोक १९ मिमीचे, म्हणजे पाऊण इंचाचे असते. परंतु ते पूर्ण गोल नसते, तर समोरासमोरच्या दोन बाजू चपट्या असून त्या चपट्या बाजूंमधील अंतर सुमारे १६ मिमी असते. चावी फिरवताना अख्खे कुलूप भोकातल्या भोकात फिरू नये, म्हणून ही सोय आहे. ज्यांनी कधी काळी कानशीने हे भोक गोल करून टाकले आहे, त्यांच्या पेटीत कोणतेही नवे कुलूप नीट बसणार नाही. आधी मागून चपट्या बाजू असलेली पत्र्याची पट्टी रिव्हेट करून घ्यावी लागेल.

तालुक्याच्या गावातील हार्डवेअरच्या दुकानात पहिली विचारणा केली. तेथे कुलपांना तोटा नव्हता; भिंतभर कुलपे टांगलेली होती. मात्र त्यांतील ड्रॉवरची म्हणून जी होती, ती सगळी सुताराच्या कामाची होती. ज्याला दुकानदार मल्टिपर्पज लॉक म्हणतात, ते आतल्या बाजूने चार स्क्रूंनी लाकडावर बसवायचे असते आणि त्याची बॉडी १८ किंवा १९ मिमीच्या प्लायवूडमधून आरपार जाईल, अशा हिशेबाने २० ते ३० मिमी लांबीची केलेली असते. तेच कुलूप सव्वा मिलिमीटरच्या पत्र्याला लावले, तर बॉडीचा सगळा भाग बोंडासारखा बाहेर येतो आणि त्यावर एक हातोडी सहज पडली, तरी कुलूप निकामी होते. नामांकित कंपन्यांची ही कुलपे आपल्या कामाला चांगलीच आहेत, परंतु ती लाकडासाठी आहेत. दुकानदाराचा स्वभाव मोकळा होता, त्याने पाच-सहा नमुने काढून दाखवले, एकही घेण्याचा आग्रह केला नाही. मात्र भोक किती, पत्रा किती, जीभ किती, यांपैकी एकही प्रश्न त्याच्याकडून आला नाही.

त्याच बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानात पत्र्याला बसणारे कुलूप मिळते, अशी सूचना कोणी तरी हमखास करतो. ती सूचना अर्धी खरी आहे. पॅनेल बोर्डाचे कुलूप पत्र्यासाठीच असते, लहान असते, पाव फेऱ्यात बंद होते आणि त्याची जीभही बळकट असते. परंतु त्याची चावी तिकोनी किंवा तत्सम ठरावीक आकाराची असते, आणि तशी चावी शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरसाठी अर्ध्या गावाकडे असते. धूळ आणि उंदीर यांच्यापुरतेच झाकण बंद ठेवायचे असेल, तर हे कुलूप स्वस्त आणि टिकाऊ आहे. सामान सुरक्षित ठेवायचे असेल, तर त्याचा उपयोग नाही.

ऑनलाइन खरेदीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण बहुतेक तरुण मंडळी तिकडेच वळतात. कॅम लॉक म्हणून शोध घेतला की शेकड्याने कुलपे समोर येतात आणि शंभर-दोनशे रुपयांत जोडी घरपोच मिळते. अडचण मापाची आहे. एका विक्रेत्याच्या पानावर २० मिमी म्हणजे बॉडीची लांबी असते, दुसऱ्याच्या पानावर तेच २० मिमी म्हणजे भोकाचा व्यास असतो आणि तिसऱ्याच्या पानावर दोन्ही मापे न देता केवळ छायाचित्र दिलेले असते, जे पहिल्या दोघांचेही छायाचित्र असते. मला आलेल्या जोडीची बॉडी योग्य होती. भोकात कुलूप पटकन बसले. परंतु मागून आवळण्याचे नट इतके रुंद होते की झाकणाच्या दुमडलेल्या काठात ते शिरेना. जीभ सरळ पट्टीची होती, तिला कोणतीही उचल, म्हणजे वाकवून दिलेली पायरी, नव्हती, त्यामुळे नट कसेबसे बसवून पाहिले असते, तरी झाकण सैलच राहिले असते. परतीची सोय कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात कुरिअरवाला गावापर्यंत येत नाही, फोन करून तालुक्याला बोलावतो, आणि दीडशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असावे. ज्यांची पेटी नव्या पद्धतीची आहे, जिच्या भोकामागे भरपूर जागा आहे, त्यांनी ऑनलाइन मागवायला हरकत नाही. मात्र तत्पूर्वी चार मापे लिहून घ्यावीत: भोकाचा व्यास, चपट्या बाजूंमधील अंतर, पत्र्याच्या मागे नटासाठी उपलब्ध असलेली जागा आणि गाभ्याच्या मध्यापासून जिभेच्या टोकापर्यंतची लांबी. विक्रेत्याने यांपैकी दोन मापे जरी स्पष्ट दिली नसतील, तर ते पान बंद करावे.

तळाच्या ड्रॉवरचे कुलूप वरवर शाबूत होते, फक्त त्याची चावी नव्हती. त्यासाठी बसस्थानकासमोर छत्री लावून बसणाऱ्या चावी कारागिराकडे ते काढून नेले. या माणसाच्या कसबाला दाद द्यावी तेवढी थोडी आहे. त्याने कोरी चावी कुलपात घालून हलकासा ताण दिला, बाहेर काढली, उन्हात तिरपी धरून तिच्या धारेवर उमटलेल्या बारीक खुणा पाहिल्या, खूण असेल तेथेच कानशीचा एक हात मारला आणि पुन्हा आत घातली. असे करता करता कुलूप फिरले. नंतर मात्र त्याने तीच चावी बाजूला ठेवली, खोक्यातली दुसरीच एक जुनी चावी उचलली आणि तीही फिरवून दाखवली. पत्त्या इतक्या झिजल्या होत्या की ते कुलूप जवळपास कशानेही उघडत होते. चावी तयार करून पैसे घेऊन तो गप्प राहू शकला असता. तसे न करता ‘हे बदलूनच टाका, दादा, याच्यात आता काही राहिलं नाही’, असे त्याने सांगितले आणि मजुरीही अर्धीच घेतली. अमेरिकेत केनेडी या १९११ पासूनच्या कंपनीच्या पेट्यांना कुलपाच्या तोंडावर क्रमांक ठोकलेला असतो आणि तो क्रमांक कळवला की त्याबरहुकूम कापलेली चावी मिळते. आपल्याकडच्या अनाम पेट्यांना ती सोय नाही. तेथे हा छत्रीखालचा कारागीरच उपयोगी पडतो. तुमच्या कुलपाच्या पत्त्या चांगल्या असतील, तर नवे कुलूप शोधण्याआधी त्याच्याकडे जावे.

आता कपाटांच्या कारखान्याविषयी. यवतमाळला लोहारा औद्योगिक वसाहतीच्या बाजूला पत्र्याची कपाटे, शाळांची बाके आणि दुकानांची रॅक तयार करणारी काही शेडे आहेत. त्यांतल्या एका शेडची ही हकिगत आहे. मागे विचार केल्यावर हे ठिकाण आधीच सुचायला हरकत नव्हती असे वाटते, कारण पत्र्याला कुलूप बसवण्याचे काम जो माणूस रोज करतो, त्याच्याकडे पत्र्याचे कुलूप असणारच. कारखान्याला किरकोळ विक्रीचे दुकान नाही, पाटीवर तसे काही लिहिलेले नाही, आणि आत गेल्यावर पहिली काही मिनिटे कोणी लक्षही देत नाही. ग्राइंडरच्या आवाजात आपला आवाज पोहोचतही नाही. मात्र फिटिंगचे काम पाहणाऱ्या मिस्त्रीने पेटी पाहिली आणि कुलूप कोणत्या कंपनीचे हवे, किती रुपयांपर्यंतचे हवे, असे काहीही न विचारता थेट विचारले, ‘जुनं कुलूप संगं आणलं काय, भाऊ?’ ते आणलेले होते. त्याने व्हर्निअरने भोक मोजले, चपट्या बाजू मोजल्या, झाकणाच्या दुमडीत बोट घालून पाहिले आणि म्हणाला, ‘हे त कपाटाच्या लॉकरचंच माप आहे जी. नट इथं फिरणार नाही, क्लिपचं लागंल.’

क्लिपचे कुलूप हा प्रकार वाचकांनी नीट समजून घ्यावा. जुन्या पेट्यांत कुलूप पुष्कळदा नटाने आवळलेले नसते. बॉडीच्या दोन्ही बाजूंना एक आडवी खाच असते आणि तिच्यात पत्र्याच्या मागून घोड्याच्या नालेच्या आकाराची पोलादी क्लिप सरकवलेली असते. ही क्लिप पत्र्याला चिकटून बसते, जागा अजिबात व्यापत नाही आणि पेचकसाच्या टोकाने एका बाजूने ढकलली की निघून येते. दुकानात मिळणारी बहुतेक कुलपे नटाची असल्याने अरुंद दुमडीच्या पेटीला ती चालत नाहीत, आणि मग लोक पत्रा कापतात किंवा ठोकून दुमड उघडतात. दोन्ही उपायांनी पेटीचा काठ दुबळा होतो. मिस्त्रीकडे अलीगढचा पत्ता छापलेले एक खोके होते, त्यात क्लिपची कुलपे होती, फक्त एकाच लांबीची, म्हणजे १६ मिमीची. परंतु पत्र्याला तीच लांबी हवी असते. झाकणाचा प्रश्न तेथेच सुटला. तळाच्या ड्रॉवरला मागे जागा बऱ्यापैकी होती, त्यामुळे त्याला नटाचे कुलूप दिले, आणि नटाचे दोन कोपरे ग्राइंडरवर किंचित उतरवून घेतले, जेणेकरून ते ड्रॉवरच्या पन्हाळीला घासणार नाही.

त्यानंतर त्याने जे केले ते पाहण्यासाठी पुन्हा तेथे जाण्याची माझी तयारी आहे. जिभेची उचल किती हवी, हे ठरवण्यासाठी त्याने कपाटाचे पोचे भरण्याच्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, एक लहान गोळा घेतला, पेटीच्या काठावर ज्या पट्टीखाली कुलपाची जीभ अडकते त्या पट्टीच्या आतल्या बाजूला तो चिकटवला, गोळ्यावर तेलाचा हात फिरवला, नवे कुलूप सरळ जिभेसह बसवले आणि एका मुलाला झाकणावर दोन्ही हातांनी दाब द्यायला सांगून चावी फिरवली. झाकण उघडल्यावर जिभेने दाबलेल्या गोळ्याची उरलेली जाडी व्हर्निअरने मोजली. ती चार मिलिमीटर भरली, म्हणजे सरळ जीभ पट्टीपासून चार मिलिमीटर दूर राहत होती. डब्यातून त्याने वाकवलेल्या जिभांचा ढीग ओतला, त्यातून पाचाच्या उचलीची एक निवडली आणि चिमट्यात धरून ती जरा उतरवली. पुन्हा झाकण बंद केले, चावी फिरवली, आणि सगळे ड्रॉवर एकामागून एक ओढून पाहिले. पट्टीत अडकणाऱ्यांपैकी सगळ्यांत खालचा शेवटी पाहिला, कारण पट्टी पूर्ण उतरली नसेल, तर तोच आधी उघडतो, असे त्याने सांगितले. एकही हलला नाही.

एकाच चावीने दोन्ही कुलपे उघडावीत, ही माझी मागणी होती. स्वस्त कॅम लॉकमध्ये चाव्यांचे प्रकार मोजकेच असतात आणि एका खोक्यात एकाच क्रमांकाची दोन कुलपे निघणे अशक्य नसते. मिस्त्रीने तोंडावरचे क्रमांक वाचत वाचत क्लिपचे आणि नटाचे अशी एक जोडी काढली. हे करताना त्याने जी गोष्ट सांगितली, ती कोणत्याही दुकानात कोणी सांगत नाही: ‘ही चावी दुसऱ्या कोणाच्या कपाटालेही लागू शकते, भाऊ. हे काही तिजोरीचं कुलूप नाही.’ ज्यांना खात्रीची वेगळी चावी हवी आहे, त्यांनी नागपूरला इतवारीतील लोहा ओळीकडे चौकशी करावी. तेथे घाऊक विक्रेत्यांकडे एकाच चावीचे संच किंवा प्रत्येकी वेगळ्या चावीचे संच मागता येतात, परंतु डझनाच्या खोक्याशिवाय बोलणे पुढे सरकत नाही. शाळेची कार्यशाळा, आयटीआय किंवा मोठे गॅरेज यांना ते परवडेल. एका पेटीसाठी यवतमाळहून दीडशे किलोमीटर जाण्यात अर्थ नाही.

चावी कोणत्या स्थितीत बाहेर निघते, हाही प्रश्न त्याने न विचारता सोडवला. काही कुलपांची चावी फक्त बंद स्थितीतच निघते. उघडे असताना ती कुलपातच राहते. टपालपेटीसाठी हे सोयीचे आहे, कारण बंद करायला माणूस विसरत नाही. मेकॅनिकच्या पेटीला मात्र ते त्रासदायक असते. झाकण दिवसभर उघडे असते, चावी बाहेर डोकावत राहते, आणि ट्रॅक्टरचा जॅक सरकवताना तिला धक्का लागला की ती मुळातून मोडते. पाव फेऱ्यात फिरणारे आणि दोन्ही स्थितींत चावी निघणारे कुलूप या पेटीला योग्य. खरेदी करतानाच चावी घालून दोन्हीकडे काढून पाहावी.

दोन कुलपे, दोन जिभा आणि बसवण्याची मजुरी मिळून खर्च तीनशे रुपयांच्या आत राहिला. तक्रारीही सांगितल्या पाहिजेत. पक्के बिल मिळाले नाही. प्रत्येक कुलपाबरोबर दोनच चाव्या आल्या आणि त्या इतक्या पातळ पत्र्याच्या आहेत की पहिल्या आठवड्यातच त्यांची जाड प्रत चावी कारागिराकडून करून घ्यावी लागली. कुलपाची बॉडी जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असून वर क्रोमचा मुलामा आहे. आट्यांवर कानस लावली की आतला पांढुरका धातू दिसतो. पितळी बॉडीचे कुलूप जड, महाग आणि जास्त टिकाऊ असते. ते तेथे नव्हते, आणि मागवून देण्याची तयारीही कोणी दाखवली नाही. शिवाय काम पूर्ण होईपर्यंत पुष्कळ थांबावे लागले, कारण कारखान्याचे स्वतःचे काम आधी आणि आपले नंतर, हे तेथे गृहीतच असते.

हे कुलूप आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहून झालेले आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याचे शेड तापते, हवेत धूळ असते आणि कापसाच्या हंगामात बारीक तंतूही असतात. कुलपात तेल घातले की हे सगळे त्याला चिकटते आणि पत्त्या जाम होतात. त्याऐवजी पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड चावीला लावून ती आतबाहेर करावी. ग्रॅफाइटची पूड विकत मिळते, परंतु पेन्सिलीने काम भागते. दुसरी गोष्ट, पेटी पिकअपमधून शेतावर नेली की हादऱ्यांनी जिभेचा स्क्रू हळूहळू ढिला होतो. माझ्या पेटीत तो झाला होता. त्याखाली स्प्रिंग वॉशर आहे की नाही, हे बसवतानाच पाहावे. स्क्रूच्या आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडला की तो पुष्कळ काळ हलत नाही. पावसाळ्यात क्रोमखालून पांढरी भुकटी दिसू लागली, तेव्हा सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून कुलपाच्या तोंडावर झडपेसारखा रिव्हेट केला. त्यानंतर पाणी आत गेलेले नाही.

सुरक्षिततेविषयी भ्रम नसावा. पत्र्याच्या पेटीवरचे कॅम लॉक चोराला थांबवत नाही. मोठा पेचकस आणि थोडा जोर एवढे त्याला पुरते. पेटी रात्री उघड्या शेडमध्ये राहत असेल, तर वेल्डिंगवाल्याचा नेहमीचा सल्ला, म्हणजे कडी-कोयंडा आणि साधे गोल कुलूप, हाच योग्य आहे. फक्त तो वेल्ड न करता रिव्हेटने बसवावा, कारण एवढ्या पातळ पत्र्यावर वेल्डिंगची आच लागली की पत्रा वाकतो आणि झाकण पुन्हा सैल होते. खेड्यातल्या मेकॅनिकची खरी अडचण चोर ही नसते, असे माझे मत आहे. ‘पाच मिनिटांत आणून देतो’ म्हणून बाराचा रिंग पाना उचलून नेणारा शेजारी ही ती अडचण असते, आणि त्याच्यासाठी हे कुलूप पूर्णपणे पुरेसे आहे.

पेटी यवतमाळपर्यंत नेणे शक्य नसेल, तर जुने कुलूप जिभेसह न्यावे, भोकावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून त्याचा ठसा घ्यावा आणि लांबीच्या गोळ्याचे माप घरीच काढून घ्यावे. व्हर्निअर नसेल, तर दाबलेला गोळा वाळवून तसाच सोबत न्यावा, मिस्त्री त्यावरून जीभ निवडून देतो. सुटे कुलूप विकायला तो आढेवेढे घेतो, पण जुने कुलूप हातात दिले की त्याचा सूर बदलतो. लग्नसराईच्या आधीचे महिने मात्र टाळावेत. त्या काळात आंदणाच्या कपाटांची रांग लागलेली असते आणि व्हर्निअर हातात घ्यायलाही त्याला सवड नसते.